लँगट्री लाइन : प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, सॅन अँटोनियो

आज साप घरी आले. एक नर, चार माद्या. सगळे ग्रे-बँडेड किंगस्नेक, शास्त्रीय नाव लॅम्प्रोपेल्टिस अल्टर्ना. पश्चिम टेक्सास, न्यू मेक्सिकोचा एक कोपरा आणि सीमेपलीकडचा मेक्सिको एवढ्याच टापूत राहणारा, रात्री फिरणारा बिनविषारी साप. ज्यांच्याकडून घेतले ते गृहस्थ बरेच थकलेत, सगळा पसारा आवरताहेत. सापांबरोबर त्यांनी बुटाच्या खोक्यात भरलेली कार्डं दिली. या सापांचे आईबाप, आजा-पणजा सगळे त्या कार्डांवर आहेत.

सर्वांत जुनं कार्ड तसंच्या तसं उतरवून ठेवतो. ‘लँगट्री, व्हाल व्हर्डे काउंटी. यू. एस. ९०, गावाच्या पश्चिमेला २.४ मैल, उत्तरेकडची दरड. रात्री ११.२०. चंद्र नाही, वारा दक्षिणेचा. नर, ब्लेअर पद्धतीचा, पाठीवर १३ पट्टे.’ (ब्लेअर पद्धतीचा म्हणजे रुंद नारिंगी पट्ट्यांचा.) खाली बारीक अक्षरात जोडीच्या मादीचा क्रमांक. पेन्सिलनं लिहिलंय, म्हणून टिकलंय.

२३ नोव्हेंबर २०२४

काम काय करायचंय ते एकदा लिहून ठेवतो. लँगट्रीची ही लाइन, म्हणजे एका मूळ जोडीपासून चालत आलेला वंश, आणखी एक पिढी पुढे न्यायची, पण भावाबहिणीची जोडी न लावता. आणि प्रत्येक पिल्लाबरोबर असा कागद जायला हवा की वीस वर्षांनी ते कुणाच्या हाती पडलं तरी त्यावर विसंबता यावं. हे साप वीस वर्षं सहज जगतात. तेवढ्या काळात मालक चार वेळा बदलतो.

अल्टर्ना पाळणारी माणसं साप कसा दिसतो याआधी तो कुठला ते विचारतात. लँगट्री, लोमा अल्टा, जूनो रोड, ब्लॅक गॅप, रिव्हर रोड, ख्रिसमस माउंटन्स. प्रत्येक नावाचे चाहते वेगळे, भाव वेगळा. ही नावं नीट वाचली तर त्यातली बरीचशी रस्त्यांची किंवा रस्त्यावरच्या गावांची आहेत. कारण साधं आहे. हा साप चुनखडीच्या कपारीत राहतो. पश्चिम टेक्सासची बहुतेक जमीन खासगी रँचची, आत पाऊल टाकता येत नाही. सार्वजनिक जागा म्हणजे हायवे, आणि हायवेसाठी जिथे डोंगर कापलाय ती दरड. रात्री साप कपारीतून दरडीवर येतो, खाली टॉर्च घेऊन माणूस उभा असतो. लोकॅलिटीचं, म्हणजे मूळ जागेचं, नाव पडतं ते तिथे. दोन रस्त्यांच्या मधल्या डोंगरातही साप आहेतच, त्यांना कुणी नाव दिलेलं नाही.

त्यामुळे ‘लँगट्री’ ही उपजात नाही, जात तर नाहीच. या सापाचे आईबाप अमुक ठिकाणी सापडले होते, एवढंच ते नाव सांगतं. नाव धरून ठेवायचं ते तेवढ्यासाठीच, आणि तेवढं पुरेसं मोलाचं आहे.

८ डिसेंबर २०२४

पोटं रिकामी झाल्याची खात्री करून पाचही जण थंडीला लावले. गॅरेजमधली जुनी वाइनची कपाटं, ११ ते १३ अंश सेल्सियस, पाण्याची वाटी, अंधार. फेब्रुवारीअखेरपर्यंत खाणं नाही. ही थंडी मिळाली नाही तर वसंतात जोडी लागली तरी अंडी बरेचदा फुकट जातात.

१५ डिसेंबर २०२४

कार्डं लावून झाली. चार साप सरळ आहेत. पाचवी मादी अडचणीची.

तिच्या कार्डावर फक्त ‘व्हाल व्हर्डे काउंटी’ लिहिलंय. मैल नाही, रस्ता नाही, तारीख नाही. मागच्या बाजूला वेगळ्या हस्ताक्षरात ‘लँगट्री?’ असं प्रश्नचिन्ह टाकून. गृहस्थांना फोन केला. ती एका मित्राकडून आली होती, मित्र आता हयात नाही, प्रश्नचिन्ह कुणाचं ते त्यांनाही आठवत नाही. या एका काउंटीत लँगट्री आहे, कॉमस्टॉक आहे, लोमा अल्टा आहे, जूनो रोडचा मोठा भाग आहे. रूपानं ती बाकीच्यांची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. फिकट राखाडी अंग, रुंद नारिंगी पट्टे, प्रत्येक पट्ट्याला काळी कड आणि कडेबाहेर पांढरी रेघ.

पण रूपावर जाता येत नाही, आणि या सापाच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९०१ साली आर्थर ब्राउननं डेव्हिस माउंटन्समधल्या एका सापावरून ही जात पहिल्यांदा नोंदवली. त्याच्या अंगावर बारीक, एकाआड एक तुटक पट्टे होते. १९५० साली फ्लरीनं टेरेल काउंटीत ड्रायडनच्या पश्चिमेला सापडलेला रुंद नारिंगी पट्ट्यांचा साप स्वतंत्र जात म्हणून नोंदवला आणि प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक ब्लेअर यांचं नाव त्याला दिलं. पुढे एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हेची पिल्लं निघताना लोकांनी पाहिली, आणि ब्लेअरची ‘जात’ म्हणजे याच सापाचं दुसरं रूप हे पक्कं झालं. ज्या सापात सख्खी भावंडं दोन जातींची वाटू शकतात, त्याच्या पट्ट्यांवरून गावाचं नाव ठरवायला मी धजणार नाही.

तिचं नवं कार्ड केलं: ‘व्हाल व्हर्डे काउंटी, नेमकी जागा अज्ञात.’ जुनं कार्ड प्रश्नचिन्हासकट मागे टाचलं. लँगट्रीच्या कामात ती नाही.

४ जानेवारी २०२५

उरलेल्या चौघांची वंशावळ काढली. सगळे एकाच जंगली जोडीचे. त्या जोडीची पिल्लं एफ-१, त्यांच्यात भाऊबहीण लावून एफ-२, पुन्हा भाऊबहीण, एफ-३, पुन्हा, एफ-४. माझ्याकडचे चारही एफ-४.

हिशेब शाळेतल्या गणितासारखा सरळ आहे. मूळ जोडी एकमेकांच्या नात्यातली नव्हती असं धरलं, तर एफ-२ पिल्लात आईकडून आणि बापाकडून एकाच पूर्वजाच्या जनुकाची तीच प्रत येण्याची शक्यता २५ टक्के. एफ-३ मध्ये ३७.५. एफ-४ मध्ये ५०. म्हणजे या सापांच्या निम्म्या जनुकजोड्यांत निवडीला जागाच उरलेली नाही. आणि जाहिरातीत हाच साप ‘एफ-४, प्युअर लँगट्री’ म्हणून मिरवला जातो. आकडा जितका मोठा तितका साप शुद्ध, असं बोललं जातं. हे मला पटत नाही. डोंगरातला एकही साप तीन पिढ्या बहिणीशी जोडी लावून जन्मलेला नाही. ज्याला आपण मूळ लँगट्री म्हणतो त्याच्यापासून एफ-४ सर्वांत दूर गेलेला आहे.

परिणाम कार्डांवर दिसतात. पहिल्या पिढ्यांत जवळजवळ सगळी अंडी चांगली, शेवटच्या दोन खेपांत निम्मी पिवळी पडलेली. दोन पिल्लांपुढे ‘शेपटीला गाठ’ अशी नोंद. गृहस्थांनी काहीही लपवलेलं नाही, याबद्दल त्यांचे आभार मानावे तितके थोडे.

सापांमध्ये हे जंगलातही पाहिलेलं आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्मिगेहुक इथे अॅडर सापांची एक एकाकी वस्ती होती. नात्यातल्या नात्यात जोड्या लागून मेलेली आणि व्यंग असलेली पिल्लं वाढत गेली, संख्या घसरली. १९९२ साली थॉमस मॅडसेन आणि सहकाऱ्यांनी दुसरीकडचे २० नर तिथे आणून सोडले. काही वर्षांतच संख्या झपाट्यानं वर आली. १९९९ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

मला बाहेरचा नर हवा. तोही लँगट्रीचाच, पण वेगळ्या मूळ जोडीचा. दोन वेगळ्या, कितीही आत आत गेलेल्या लाइन्स एकत्र आणल्या की त्यांच्या पिल्लांत तो ५० टक्क्यांचा आकडा एका पिढीत शून्यावर येतो.

१९ जानेवारी २०२५

नर शोधतोय. चौकशी केली की कळतं, लेबलं कशी निसटतात.

एकानं ‘लँगट्री टाइप’ देऊ केला. टाइप म्हणजे दिसायला तसा. मक्याच्या सापाच्या, कॉर्न स्नेकच्या बाजारातही हेच झालंय. दक्षिण कॅरोलायनातल्या जॅस्पर काउंटीत ओकीटी नावाचा शिकारीचा क्लब आहे. तिथले कॉर्न स्नेक गडद लाल पट्ट्यांचे, जाड काळ्या कडांचे, म्हणून गाजले. मग तशा कडा असलेला कुठलाही साप ‘ओकीटी’ नावानं विकला जाऊ लागला, काळ्या कडा वाढाव्यात म्हणून निवडून निवडून जोड्या लावल्या गेल्या. आज ओकीटी म्हटलं की रूप समजायचं, आणि खरोखर तिथला हवा असेल तर ‘लोकॅलिटी ओकीटी’ असं वेगळं विचारावं लागतं. पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, हे कोकणातल्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळवण्याची धडपड त्यासाठीच होती. सापाला असं मानांकन देणारं कुणी नाही, म्हणून सगळा भार लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर.

दुसऱ्या टोकाला हिरवे अजगर आहेत, ग्रीन ट्री पायथन. बियाक, आरू, सोराँग, जयापुरा अशी बेटांची आणि बंदरांची नावं लावून ते इंडोनेशियातून येतात, कागदावर ‘फार्ममध्ये जन्मलेले’. लायन्स आणि नाटुश यांनी २०११ साली दाखवून दिलं की दरवर्षी निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान ८० टक्के जंगलातून बेकायदा पकडलेले असतात. तिथे लेबल नुसतं चुकत नाही, चोरी झाकायच्या कामी येतं. ‘लोकॅलिटी हवी’ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्या चोरीत वाटा आहे, हे मला नाकारता येत नाही.

८ फेब्रुवारी २०२५

नर मिळाला. राज्याच्या उत्तरेकडच्या एका ब्रीडरकडे लँगट्रीची वेगळी लाइन आहे, मूळ जोडी गावात शिरणाऱ्या लूप २५ च्या दरडींवरची. पकडल्याच्या रात्रीचे फोटो आहेत, मागच्या प्रत्येक पिढीची नोंद आहे. अदलाबदल ठरली: त्यांचा एफ-२ नर माझ्याकडे, माझी एक एफ-४ मादी त्यांच्याकडे. त्यांनाही तीच अडचण होती.

१ मार्च २०२५

सगळे थंडीतून बाहेर. मादी तिकडे गेली, नर इकडे आला. तो वेगळ्या खोलीत, वेगळे चिमटे, वेगळी पाण्याची भांडी, त्याचं काम रोज सगळ्यांत शेवटी. बारा आठवडे विलगीकरण. क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीची भीती आहे. एकदा सापांचे टब ठेवायच्या रॅकमध्ये शिरलं की लाइन कितीही नामी असो, संपते. विष्ठेची पीसीआर चाचणी दोनदा करायची.

२० एप्रिल २०२५

दुसरी चाचणीही स्वच्छ. दोन्ही माद्यांनी थंडीनंतरची पहिली कात टाकली, खाणं जोरात.

यंदा एप्रिलमध्ये जोडी लावणार नाही, मुदत पुरी होऊ दे. दरम्यान माद्या इथे आल्यापासून एकेकट्याच आहेत, याची नोंद इथे मुद्दाम करतो. सापाच्या माद्या नराचं वीर्य शरीरात महिनोन्‌महिने साठवू शकतात. शरदात विकत घेतलेली मादी पुढच्या उन्हाळ्यात अंडी घालते आणि घेणारा आपल्या नराचं नाव बाप म्हणून लिहून मोकळा होतो. शिवाय एकाच खेपेच्या अंड्यांना दोन बाप असणंही सापांत नवं नाही. तेव्हा मादी कुणाबरोबर, कधीपासून कधीपर्यंत होती, हे कार्डावर हवंच. गृहस्थांनी तेही लिहून ठेवलंय: दोन्ही माद्या शेवटच्या नराबरोबर २०२३ च्या मेमध्ये. २०२४ मध्ये जोडीच लावली नव्हती.

२५ मे २०२५

नव्या नराला पहिल्या मादीच्या टबात सोडलं. त्यानं तिच्या पाठीवर हनुवटी घासत अंगभर झटके दिले, ती टबाच्या कडेनं पळत राहिली, मग मान धरून थांबवली. रात्री दहाच्या सुमाराला जोडी लागली. फोटो, वेळ, तापमान लिहिलं. चार दिवसांनी दुसरी.

७ जून २०२५, लँगट्री

साप पकडायला आलो नव्हतो. जागा पाहायची होती. डेल रिओच्या पुढे यू. एस. ९० वर साठेक मैल, पेकोस नदीवरचा उंच पूल ओलांडून गाव लागतं. मूठभर घरं आणि जज रॉय बीनच्या जुन्या सलूनचं संग्रहालय.

टेक्सासात २००७ ते २०११ रस्त्याच्या हद्दीत साप शोधायला बंदीच होती. आता शिकारीच्या परवान्याबरोबर सरीसृपांचा वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, अंगावर पुढून-मागून चमकणारं जाकीट लागतं आणि गाडीतून दिवा मारायला मनाई आहे. म्हणून गाडी लांब उभी करून पायी.

कार्डावरची ती दरड सापडली. पुरुषभर उंचीपासून दुमजली घराएवढी, पिवळट चुनखडी, आडव्या थरांत फुटलेली, प्रत्येक थरात बोट जाईल एवढी फट. टॉर्चमध्ये पाली दिसल्या, बँडेड गेको, पारदर्शक वाटाव्यात अशा. मोठ्या डोळ्यांचा एक ट्रान्स-पेकोस रॅट स्नेक रस्त्याकडेला. अल्टर्ना दिसला नाही, बहुतेकांना बहुतेक रात्री दिसत नाही. पण दगड पाहिला ते बरं झालं. तोच थर मैलाच्या दगडापाशी न थांबता दोन्ही अंगांना डोळा पोचेल तिथवर गेलेला आहे. २.४ मैलांवरचे साप आणि लूप २५ वरचे साप यांच्यात नदी नाही, दरी नाही, काही नाही. या दोन लाइन्स एकत्र आणण्याला कुणी ‘मिक्स’ म्हणालं तर त्याला मी हा दगड दाखवीन.

६ जुलै २०२५

पहिल्या मादीची अंडी: ८. सगळी पांढरी, टणक, एकमेकांना चिकटलेली. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये तशीच न वळवता ठेवली, २७.५ अंश. (नंतरची भर) दुसरीची ९ तारखेला: ६, त्यातलं एक पिवळं.

२० जुलै २०२५

सांगलीहून आतेभावाचा फोन. तो सर्पमित्र आहे. नाग, घोणस, धामण, काय निघेल ते घरांतून काढतो आणि सोडतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी साप पाळणं गुन्हा आहे, त्यामुळे माझा छंद त्याला अजून पचलेला नाही. पण जागेचं महत्त्व त्याला माझ्याहून जास्त कळतं. साप कुठून काढला आणि कुठे सोडला, हे त्याच्या वहीत असतं, आणि सोडायचं ते काढलेल्या जागेच्या जवळच.

त्यानं विचारलं, “दादा, एवढं मूळ गाव जपताय, तर मग पिल्लं तिथे नेऊन सोडणार का?”

नाही. आणि हे इथे ठळक लिहून ठेवतो, कारण आमच्यातले कित्येक जण ‘आम्ही जंगलासाठी राखीव साठा जपतोय’ असं सांगतात. रॅकमध्ये वाढलेल्या सापाबरोबर रॅकमधले रोग जातात. पिढ्यान्‌पिढ्या आपण मेलेला उंदीर मुकाट खाणाऱ्यांनाच वाढवलंय. आणि लँगट्रीच्या दरडींमध्ये साप आहेतच, त्यांना आमच्या भरतीची गरज नाही. आमच्या सापांचा जंगलाला उपयोग झालाच तर एवढाच, की त्यांच्यामुळे कुणाला दरडीवरून नवा साप उचलावा लागू नये.

“मग बरोबर आहे,” म्हणाला, आणि धामणीच्या कॉलवर निघून गेला.

१२ सप्टेंबर २०२५

पहिल्या खेपेच्या अंड्यांना काल चिरा पडल्या, आज सगळी आठ बाहेर. (नंतरची भर) दुसऱ्या खेपेची पाचही दोन दिवसांनी. कुणाच्या शेपटीला गाठ नाही. एका हंगामावरून सिद्धांत मांडायचा नाही, पण कार्डांवरच्या गेल्या दोन खेपांपेक्षा हे फार वेगळं आहे.

आठांपैकी तीन पिल्लं बारीक तुटक पट्ट्यांची, ब्राउनच्या १९०१ च्या सापासारखी. पाच रुंद नारिंगी. एकच आई, एकच बाप.

प्रत्येकाचे डोक्याचे आणि पोटाचे फोटो काढले. डोक्यावरची काळी नक्षी जन्मभर पुष्कळशी तशीच राहते, साप ओळखायला ती पुरते.

५ ऑक्टोबर २०२५

पिल्लं पेन्सिलएवढी, आणि खायला महा कठीण. रानात ही सरडे आणि पाली खातात, उंदराचं गुलाबी पिल्लू त्यांना अन्नच वाटत नाही. पिंकी कोमट पाण्यात साबणानं धुवायची, खळखळून विसळायची, कोरडी करायची, आणि काटेरी सरड्याच्या टाकलेल्या कातीचा तुकडा ओला करून तिच्या नाकावर चिकटवायचा. झाकण लावलेल्या छोट्या डब्यात पिल्लू आणि पिंकी, रात्रभर अंधारात. सकाळी उघडलं की कळतं. तेरांपैकी नऊ आता खातात, त्यातली चार बिनवासाची. बाकीच्यांसाठी दर पाच दिवसांनी हाच उद्योग.

१ नोव्हेंबर २०२५

कार्डं तयार झाली. मजकूर असा: ‘लँगट्री, व्हाल व्हर्डे काउंटी, टेक्सास. आई: यू. एस. ९०, पश्चिमेला २.४ मैल, एफ-४. बाप: लूप २५, एफ-२. दोन लाइन्सची जोडी. जोडीची तारीख, अंड्यांची तारीख, जन्मतारीख.’ मागे फोटो आणि मूळ जोड्यांपर्यंतची पूर्ण वंशावळ. ‘प्युअर’ हा शब्द कुठेही वापरलेला नाही.

घेऊ पाहणाऱ्या एकानं विनंती केली, दोन लाइन्सचा उल्लेख काढून नुसतं ‘लँगट्री’ लिहा, पुढे विकायला सोपं जातं. आणखी एकाला अज्ञात जागेची ती मादी हवी होती, ‘लँगट्री’ लिहून दिली तर दुप्पट पैसे देतो म्हणाला. दोघांनाही नाही सांगितलं. मादी जागा अज्ञात म्हणूनच नवं घर शोधेल, नाहीतर माझ्याकडे राहील. ती देखणी आहे, खाते छान, तिला गाव नसल्यानं काही अडत नाही.

या खेपेतल्या दोन माद्या आणि एक नर मी ठेवतोय. उत्तरेकडच्या ब्रीडरकडे गेलेल्या मादीचीही सात पिल्लं निघाली, त्यांच्या कार्डांच्या प्रती माझ्याकडे आल्या, माझ्या त्यांना गेल्या. मोठ्यांचं खाणं पुढच्या आठवड्यात बंद, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थंडी. न खाणारी चार पिल्लं थंडीला लावायची नाहीत, हिवाळाभर उबेत ठेवून खाऊ घालायची.